कोनेसीन, ४.२ ग्रॅम

त्या बाटलीवर माझंच अक्षर होतं. कोनेसीन, दुसरं क्रिस्टलायझेशन, ४.२ ग्रॅम, मार्च १९८८. लेबल पिवळं पडलेलं, वरून मारलेली सेलोटेप कडक होऊन कडेनं सुटलेली, आतले क्रिस्टल मात्र तसेच पांढरेशुभ्र. २००६ च्या पावसाळ्यात आमची लॅब रबाळ्याहून महापेला शिफ्ट होत होती आणि वरून ऑर्डर आली होती की ज्या सॅम्पलवर चालू प्रोजेक्टचा नंबर नाही ते नव्या बिल्डिंगमध्ये न्यायचं नाही. लॅबमधले मामा लाल ड्रम घेऊन कपाटापाशी उभे, एकेक बाटली काढून माझ्याकडे बघायचे, "मॅडम, ही?" आणि मी मान हलवायचे. या बाटलीला जरा थांबले, हातात घेतली, उजेडात धरली. मग मामांकडे परत दिली. ड्रममध्ये पडल्याचा आवाज अजून आठवतो.

आज त्या बाटलीबद्दल, आणि आतल्या कुड्याच्या सालीतल्या कोनेसीनबद्दल लिहायचंय, कारण बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतेय आणि राहतंय.

रिटायर होऊन आता तीन वर्षं होतील. नौपाड्यात राहते, सकाळी तलावपाळीला चक्कर मारते, तिथे भेटणाऱ्या बायकांना मी "औषधाच्या कंपनीत होते" एवढंच माहितीये. खरं सांगायचं तर पस्तीसेक वर्षं मी दोनच गोष्टी केल्या, झाडांमधले अल्कलॉइड आणि मेंदूतले रिसेप्टर, म्हंजे पेशीवरच्या ज्या जागी रसायन जाऊन बसतं त्या जागा, आणि या दोघांचा एकमेकांशी इतका जवळचा संबंध आहे हे मला पहिली दहा वर्षं नीट कळलंच नव्हतं.

अल्कलॉइड म्हंजे झाडांनी बनवलेली नायट्रोजनवाली रसायनं, बहुतेक सगळी कडू, ॲसिडच्या पाण्यात विरघळतात आणि अमोनिया घातला की परत मोकळी होऊन क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. कॉफीतलं कॅफीन, तंबाखूतलं निकोटीन, अफूतलं मॉर्फीन. लांब कशाला, तुर्भ्याला रुळांच्या कडेला धोतरा उगवतो त्यात ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन आहे, कोकणात काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन आहे, दोन्ही जीव घेणारी विषं. आणि आपल्या येऊरच्या जंगलात उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या फुलांनी भरून जातो तो कुडा, त्याच्या सालीत कोनेसीन.

माझी पीएचडी या कुड्यावर. सर म्हणाले, "तुमच्या कोकणातलं झाड आहे, ओळख असेलच तुझी." ओळख होतीच. संगमेश्वरकडे आमच्या गावी पोट बिघडलं की आजी कुड्याचं पाळ, म्हंजे मूळ, सहाणेवर उगाळून ताकातून द्यायची, इतकं कडू की ताकाचाही राग यायचा, आणि कोवळ्या शेंगांची भाजी व्हायची ती उकडून पाणी ओतून टाकून, त्यात भरपूर ओलं खोबरं घालून. म्हणजे जिभेनं मी कोनेसीनला आधीपासून ओळखत होते, फक्त नाव माहीत नव्हतं.

पहिली साल मी दुकानातून आणली, चांगली दोन किलो. दळली, अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळली, आटवली, ॲसिडमध्ये घेतली, अमोनिया घातला, क्लोरोफॉर्मनं काढली, आठ-दहा दिवस गेले आणि हातात आलं काय तर फ्लास्कच्या तळाला तपकिरी चिकट काहीतरी, आणि सिलिकाच्या प्लेटवर, जिथे मिश्रणातली रसायनं वेगवेगळ्या उंचीवर चढून थांबतात, तिथे एक धड डाग नाही. सरांनी उरलेल्या सालीचा तुकडा घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "अगं, काळा कुडा दिलाय तुला." हा घोळ फार जुना आहे बरं का. पांढरा कुडा वेगळा आणि काळा कुडा वेगळा, चीक दोघांनाही, फुलं दोघांचीही पांढरी, बिया दोघांच्याही इंद्रजव म्हणूनच विकतात, एक कडू इंद्रजव आणि एक गोड. झाडावर बघितलं तर शेंगांवरून कळतं, पांढऱ्याच्या शेंगा जोडीनं पण सुट्या लोंबतात, काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पण वाळलेली साल पोत्यात भरल्यावर कुणाला काय कळणार. एकोणिसाव्या शतकात युरोपात कुड्याच्या सालीचं नाव खराब झालं ते याच भेसळीपायी. आणि कोनेसीन पहिल्यांदा वेगळं केल्याचं हेन्स यांनी १८५८ साली जाहीर केलं ते आपल्या मुंबईत, हे मला सरांनी सांगितलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं, जणू काही माझ्याच गल्लीतली गोष्ट आहे.

मग मी स्वतः गावी जाऊन साल आणली. आणि तो दिवस. सिलिकाची प्लेट चालवली, ड्रायरनं वाळवली, ड्रागेनडॉर्फचा स्प्रे मारला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्रागेनडॉर्फ म्हंजे बिस्मथ आणि आयोडाइडचं द्रावण, अल्कलॉइडवर पडलं की केशरी होतं. दोन-तीन सेकंद काहीच नाही, नुसती पिवळट ओली प्लेट, आणि मग मधोमध एक केशरी डाग असा वर आला, आधी कडा आणि मग मधला भाग भरत गेला, आणि तो थांबला तेव्हा अगदी झेंडूच्या पाकळीचा रंग होता. मी एकटीच होते लॅबमध्ये, संध्याकाळचे सात वाजून गेले होते. त्यानंतर हजारो प्लेट स्प्रे केल्या असतील पण तो डाग वेगळा.

कोनेसीनचा रेणू दिसायला फार देखणा आहे. कोलेस्टेरॉलसारखा चार कड्यांचा सांगाडा, त्याला जोडून नायट्रोजनवालं पाचवं कडं, आणि पार दुसऱ्या टोकाला अजून एक नायट्रोजन. २४ कार्बन, ४० हायड्रोजन, २ नायट्रोजन, ऑक्सिजन एकही नाही. थिसिसमध्ये मी त्याचे डेरिव्हेटिव्ह, म्हंजे थोडे थोडे बदललेले रेणू, बनवले आणि ते सगळे एकाच ठिकाणी टेस्टला गेले, अमीबावर. कारण कुडा म्हंजे आमांश, आमांश म्हंजे अमीबा, बाकी कुठे पाठवायचं हे मनातसुद्धा आलं नाही. माझ्याही नाही, सरांच्याही नाही, परीक्षकांनीही विचारलं नाही.

१९९० ला नोकरी लागली. तेव्हा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल नव्हती, कंपनीची बस कळवा, विटावा करत ठाणे-बेलापूर रोडनं जायची आणि नाकावर रुमाल धरल्याशिवाय दिघ्याच्या पुढे बसवायचं नाही. काम काय तर बाहेर निघालेलं औषध आपल्या पद्धतीनं कसं बनवायचं. १९७० च्या कायद्यानं आपल्याकडे औषधाच्या बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट मिळायचं, औषधाला नाही, त्यामुळे आमच्यासारखे केमिस्ट नव्या वाटा शोधण्यात तरबेज झाले, आणि ते शिक्षण फार कामाला आलं, त्याला मी कधीच कमी लेखणार नाही. मग २००५ पासून औषधालाही पेटंट लागू होणार हे दिसायला लागल्यावर कंपन्यांनी स्वतःचे नवे रेणू शोधायचे ग्रुप काढले. आमच्याकडे मेंदूच्या आजारांचा ग्रुप निघाला आणि मला त्यात टाकलं. नोकरीला येताना पिशवीतून कोनेसीनची बाटली घेऊन आले होते तीही माझ्याबरोबर त्या कपाटात गेली.

तिथे मला फार्माकॉलॉजी शिकवली ती डोंबिवलीहून येणाऱ्या एका सहकाऱ्यानं. वयानं लहान, पण मी त्याच्यासमोर वही घेऊन बसायचे. पहिल्यांदा रिसेप्टर बाइंडिंग बघायला बोलावलं तेव्हा बर्फात ठेवलेल्या नळ्या होत्या, आत उंदराच्या मेंदूचं वाटलेलं धुरकट पाणी, त्यात रेडिओॲक्टिव्ह ट्रिशियम लावलेला रेणू घालायचा जो त्या रिसेप्टरला नक्की चिकटतो, आणि वर आपला रेणू. आपला चिकटला तर तो पहिल्याला ढकलून लावतो. मग फिल्टर पेपरवर ओतायचं, गार बफरनं पटापट धुवायचं, पेपर काउंटरमध्ये टाकायचे आणि आकडे येतात त्याची वाट बघायची. आकडा खाली आला म्हंजे आपलं काम झालं. माझ्या पहिल्या बारा कंपाउंडचा आकडा जसाच्या तसा राहिला. तो म्हणाला, "मॅडम, माल एकदम शुद्ध आहे तुमचा, पण त्याला बसायला जागाच नाहीये इथे." मला रडू यायचं बाकी होतं. तोपर्यंत मी आयुष्यभर रेणू कसा आहे हे विचारत आले होते, तो कुठे जाऊन बसतो हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा माझा झाला.

आणि मग वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की रिसेप्टर ही कल्पनाच अल्कलॉइडच्या हातून आलीय. १९०५ मध्ये केंब्रिजला लँगली स्नायूवर निकोटीन टाकून बघत होते, मज्जातंतू कापून मरून गेला तरी निकोटीननं स्नायू आखडायचाच, आणि क्युरारे, म्हंजे बाणांना लावायचं विष, लावलं की ते थांबायचं, म्हंजे दोघंही स्नायूवरच्याच कुठल्यातरी वस्तूला धरत असणार. त्या वस्तूला त्यांनी जे नाव दिलं त्यातून आजचा रिसेप्टर आला. १९१४ मध्ये डेल यांनी ॲसिटिलकोलीनच्या, म्हंजे मज्जातंतूतून सुटणाऱ्या निरोप्या रसायनाच्या, कामाचे दोन भाग केले ते निकोटीनसारखा एक आणि मस्करीनसारखा एक, आणि आजही त्या रिसेप्टरना निकोटिनिक आणि मस्करिनिकच म्हणतात, एक तंबाखूचं नाव, एक विषारी अळंबीचं. धोतऱ्यातलं ॲट्रोपीन बसतं ते या मस्करिनिकवर. काजऱ्यातलं स्ट्रिक्नीन ग्लायसीनच्या रिसेप्टरवर बसतं. मॉर्फीन तर १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नरनं अफूतून काढलं होतं, पण ते मेंदूत नक्की कुठे बसतं ते पर्ट आणि स्नायडर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, आणि मग लोकांना प्रश्न पडला की खसखशीच्या झाडासाठी आपल्या मेंदूत जागा कशाला असेल, आपलं स्वतःचं काहीतरी असणारच, आणि १९७५ मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना एन्केफलिन सापडलं. विचार करा, आपल्याच डोक्यातली वस्तू आपल्याला झाडानं दाखवली.

आपल्याकडची सर्पगंधेची गोष्ट मला सगळ्यात जवळची. १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी ती वेड आणि रक्तदाबावर चालते असं लिहिलं, त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकींनी त्यातून अजमलीन वगैरे अल्कलॉइड काढले. मग मुंबईत केईएमचे डॉ. रुस्तम वकील, त्यांनी रक्तदाबाच्या ५० पेशंटवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि सगळ्या जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडला सिबा कंपनीत सर्पगंधेतलं रेसरपीन हाती आलं. पण खरी गंमत पुढे. रेसरपीन रक्तदाब उतरवायचं पण काही पेशंट उदास व्हायचे, आणि ससे तर नुसते गळून पडायचे, कान खाली, हलायचं नाव नाही. १९५७ मध्ये स्वीडनचे कार्लसन यांनी अशा सशांना एल-डोपाचं इंजेक्शन दिलं आणि ते उठून फिरायला लागले. मज्जापेशीत डोपामिन वगैरे निरोप पोचवणारी रसायनं ज्या छोट्या पिशव्यांत साठवतात त्या भरणंच रेसरपीन बंद करतं, गोदाम रिकामं होतं, आणि एल-डोपापासून शरीर डोपामिन बनवतं म्हणून माल परत येतो. यातून डोपामिनचं महत्त्व कळलं, पार्किन्सन्सच्या औषधाची वाट सापडली, कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. माझे वडील शेवटची सहा वर्षं लेव्होडोपावर, म्हंजे त्याच एल-डोपावर, होते. गोळी घेतल्यावर पाऊण तासानं त्यांचा हात सुटायचा आणि ते स्वतः कपबशी उचलून चहा प्यायचे, आणि मी समोर बसून त्या सशांचा विचार करायचे.

आमचा स्वतःचा प्रोजेक्ट २००७ मध्ये बंद पडला. सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर छान बसणारी, एकमेकांसारख्या रेणूंची सिरीज होती, नॅनोमोलरमध्ये, म्हंजे अगदी कणभर प्रमाणातही बसणारी (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट), उंदरातही चाललं, आणि हृदयाच्या हर्ग चॅनेलला धरायला लागलं. हर्ग अडकला की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, टरफेनाडीन आणि ॲस्टेमिझोल ही ॲलर्जीची औषधं यापायीच बाजारातून गेली. नायट्रोजन जरा इकडे, जरा तिकडे, पाच वर्षं केलं, नाही सुटलं ते.

आणि मग २००८. कोपरखैरण्याहून संध्याकाळची ठाणे लोकल, नशिबानं खिडकी मिळालेली, मांडीवर जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीची प्रिंटआउट. ॲबट या अमेरिकन औषध कंपनीच्या लोकांनी हजारो कंपाउंड हिस्टामिनच्या एच३ रिसेप्टरवर लावून बघितले होते आणि त्यात एक नैसर्गिक अल्कलॉइड जबरदस्त बसला. पुढच्या ओळीत स्ट्रक्चर होतं. पाच कडी, दोन नायट्रोजन. घणसोली, रबाळे, ऐरोली कधी गेलं मला कळलं नाही. नाव वाचायची गरजच नव्हती.

एच३ म्हंजे काय ते थोडं सांगते. सर्दीला अविल घेतली की झोप येते ना, कारण ती मेंदूत जाऊन हिस्टामिनला अडवते आणि हिस्टामिन हाच आपल्याला जागं ठेवणारा. एच३ बसलेला असतो हिस्टामिन सोडणाऱ्या पेशीवरच, बाहेर पुरेसं झालं की तो आतला नळ बंद करतो. पॅरिसमध्ये अराँग, गार्बार्ग आणि श्वार्त्झ यांनी तो १९८३ मध्ये दाखवला, म्हंजे मी एमएससीला असताना. त्याला अडवला की नळ चालू राहतो, माणूस जागा राहतो, आणि खरोखरच त्यावरचं पिटोलिसंट हे औषध नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अचानक झोप येणाऱ्यांसाठी, २०१६ मध्ये युरोपात आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते वेगळंच कंपाउंड आहे, कुड्याशी नातं नाही.

पण कोनेसीनचे आकडे बघा. माणसाच्या एच३ वर साधारण ५ नॅनोमोलर, उंदराच्या एच३ वर साधारण २५. एच१, एच२, एच४ या भावंडांकडे ढुंकूनही बघत नाही. मेंदूत झकास शिरतं. त्रास दोन, ॲड्रेनलिनवाल्या रिसेप्टरनाही धरतं, आणि मेंदूतून बाहेर पडायला फार म्हंजे फारच वेळ लावतं. जागं ठेवणारं औषध रात्री उतरायलाच पाहिजे, नाहीतर पेशंट झोपणार कधी. म्हणून त्यांनी खुद्द कोनेसीन सोडलं आणि तीन नंबरच्या जागेवरचा नायट्रोजन बदलून बदलून नवी सिरीज केली, जास्त चांगली. तीन नंबरचा नायट्रोजन. माझ्या थिसिसचं चौथं प्रकरण सगळं तीन नंबरच्या नायट्रोजनवरच होतं.

ठाण्याला उतरले ती घरी न जाता प्लॅटफॉर्मवरच बसून राहिले बराच वेळ.

कोणी म्हणेल की त्यात काय एवढं, शोध लागला ना, कोणी का लावेना. ते मला मान्यच आहे आणि तो पेपर इतका सुंदर आहे की मी पुढे दहा वेळा वाचला असेल. मला सलतंय ते दुसरंच. आजीनं पोटासाठी दिलं म्हणून आम्ही त्या रेणूला पोटातच ठेवलं. बाटली माझ्या कपाटात होती, मेंदूच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या लॅबच्या कपाटात, शेजारच्या खोलीत बाइंडिंग करणारा माणूस बसलेला, आणि इतक्या वर्षांत मला पाच मिलिग्रॅम त्याच्या हातात द्यावंसं वाटलं नाही. आणि जागेच्या भाड्यापायी दीडदोनशे बाटल्या ड्रममध्ये गेल्या त्या वेगळ्याच. त्यात नुसतं माझं नव्हतं, आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी सह्याद्रीतून गोळा केलेलं कायकाय होतं, कुणाचं अख्खं करिअर एका रॅकवर मावत होतं. नव्या बिल्डिंगमध्ये एक फ्रीजर जास्त लागला असता. मी तेव्हा भांडायला हवं होतं आणि मी भांडले नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

आता आठवड्यातून दोन दिवस ठाण्यातच एका कॉलेजला एमएससीच्या मुलामुलींना एक्स्ट्रॅक्शन शिकवायला जाते. यंदा कुडाच घेतलाय. साल जांभळी नाक्याजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणली आणि आधी प्लेटवर तपासून घेतली, काळी निघाली तर परत करायची असं दुकानदाराशी ठरवूनच. येऊरला मुलांना नेलं ते फक्त झाड दाखवायला, तिथलं पान तोडायलाही परवानगी नाही आणि तोडूही नये. फुलं नुकतीच सुरू झालीत, वास मोगऱ्यासारखा पण जरा हलका, एक मुलगी शेंगांच्या जुन्या जोड्या बघत म्हणाली, "मॅडम, टोकं सुटी आहेत, म्हंजे पांढरा ना?" मला फार बरं वाटलं.

काल तिनंच प्लेट स्प्रे केली. केशरी डाग आला, सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला. कोनेसीन जिथे यायला हवं तिथेच होतं. पण त्याच्या खाली अजून एक डाग आहे, फिका, जरा लांबट. कोनेसिमीन किंवा आयसोकोनेसिमीन असेल, सालीत दोन्ही असतात, पण मला आठवतं त्यापेक्षा तो खूपच खाली आहे. तिला सांगितलंय खरवडून वेगळा काढ, छोट्या बाटलीत भर, लेबल लाव. सोमवारी मास स्पेक्ट्रम काढायचाय, म्हंजे रेणूचं वजन कळेल.